चारशे यार्ड, चाळीस बिट

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातलं बर्कली. टेकडीच्या उतारावर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा, खाली कॅलिफोर्निया विद्यापीठ. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम चारशे यार्ड. एरवी या दोन ठिकाणांमध्ये इंटरनेटवरून माहिती सेकंदाला ३२ हजार बिट या वेगाने जात असे. त्या महिन्यात हा वेग सेकंदाला ४० बिटांवर घसरला. चाळीस बिट म्हणजे पाच अक्षरं. कागदावर लिहून माणूस पाठवला असता तरी मजकूर लवकर पोचला असता. आणि गंमत म्हणजे वायर शाबूत होत्या, यंत्रं चालू होती, दुरुस्त करावं असं काही मोडलेलं दिसत नव्हतं.

प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन होते. विद्यापीठात बर्कली युनिक्सची नेटवर्कची बाजू सांभाळणारे माइक कॅरल्स होते. दोघांनी मिळून एक सरळ प्रश्न घेतला: आपल्या प्रणालीतला टीसीपी (माहिती पाठवण्याची आणि तिची पोच घेण्याची रीत) चुकीचं वागतोय, की परिस्थिती वाईट असताना तो आणखी नीट चालवता येईल? उत्तर दोन्ही बाजूंनी ‘हो’ असं आलं.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जगभरच्या घरांत टेलिफोनच्या तारेवरून नेट आलं आणि ‘स्लो आहे’ ही तक्रार घरोघरी झाली. त्या तक्रारीचं मूळ शोधण्याचं काम याच दोन-चार माणसांनी आधी करून ठेवलं होतं. मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो, कारण नेट मंद झालं की आपण आजही आधी तारेला आणि कंपनीला दोष देतो. १९८६ मध्ये सापडलेला दोष मात्र पाठवणाऱ्याच्या घाईत होता.

या घाईचं निदान खरं तर त्याआधीच झालं होतं. जॉन नेगल फोर्ड एरोस्पेस कंपनीत होते. कंपनीचं स्वतःचं खासगी नेटवर्क होतं आणि त्यात सेकंदाला १२०० बिटांच्या जोडणीपासून १ कोटी बिटांच्या इथरनेटपर्यंत सगळं एकत्र नांदत होतं. वेगवान आणि संथ वाटा अशा एकमेकींना जोडल्या की काय होतं, हे त्यांना रोज दिसत होतं. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी आरएफसी ८९६ हे टिपण लिहिलं. त्यातला एक मुद्दा असा: पाठवलेल्या पॅकेटची, म्हणजे मजकुराच्या एका तुकड्याची, पोच ठरावीक वेळात आली नाही की संगणक ते हरवलं असं समजून पुन्हा पाठवतो. पण ते हरवलेलं नसून रांगेत अडकलेलं असेल तर? पत्राचं उत्तर आलं नाही म्हणून माणसाने रोज तेच पत्र पुन्हा टाकावं, आणि पोस्टमनची थैली त्या नकलांनीच भरून जावी, तशी गत. थैली जितकी जड, तितकं उत्तर उशिरा. उत्तर जितकं उशिरा, तितक्या नकला जास्त. नेगल यांनी या अवस्थेला ‘कंजेशन कोलॅप्स’ म्हटलं. दोन वर्षं नऊ महिन्यांनी बर्कलीत तेच झालं.

नेगल यांचा दुसरा मुद्दा बारक्या पॅकेटांचा होता. दूरच्या संगणकावर बसल्याजागी काम करणारा माणूस एक कळ दाबतो. अक्षर एक बाइटचं. त्यावर पत्त्यापर्यंत नेणाऱ्या आयपीचे २० आणि टीसीपीचे २० बाइट असा ४० बाइटांचा मथळा चढतो, ज्याला सगळे हेडर म्हणतात. एका अक्षरासाठी ४१ बाइट. नेगल यांनी उपाय सुचवला की आधीच्या पॅकेटची पोच येईपर्यंत नवी अक्षरं साठवून ठेवावीत आणि मग एकदम पाठवावीत. हा उपाय आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

मोजण्याची साधनंही याच सुमाराला तयार झाली. डिसेंबर १९८३ मध्ये माइक मूस यांनी नेटवर्कच्या एका चमत्कारिक बिघाडाचा छडा लावायला ‘पिंग’ लिहिलं. ‘ट्रेसराउट’ आणि ‘टीसीपीडम्प’ जेकबसन यांच्या प्रयोगशाळेतून आली. तारेवरून नेमकं काय जातंय हे एकेक पॅकेट करून बघता आलं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

जेकबसन यांच्या १९८८ च्या निबंधातली एक आकृती मुद्दाम बघण्यासारखी आहे. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर पॅकेटचा क्रमांक, आणि पाठवलेल्या प्रत्येक पॅकेटचा एक ठिपका. सगळं सुरळीत असेल तर ठिपक्यांची एक तिरकी रेघ वर चढत जायला हवी. जुन्या टीसीपीच्या आकृतीत मात्र ठिपके करवतीसारखे वर जातात, मागे येतात, पुन्हा वर जातात. एकाच उंचीवर दोन ठिपके म्हणजे तेच पॅकेट दोनदा गेलं. त्या जोडणीच्या क्षमतेपैकी अवघे ३५ टक्के कामाला लागले होते. बाकी सगळी पुनरुक्ती. जवळजवळ प्रत्येक पॅकेट किमान दोनदा गेलेलं, आणि ५४ ते ५८ किलोबाइट या पट्ट्यातला मजकूर तर पाच वेळा. तार आपली पूर्ण ताकदीने राबत होती, आणि तिच्यावरून तेच ते सामान पुन्हा पुन्हा वाहिलं जात होतं.

उपाय साधेच निघाले, पण ते शोधायला दृष्टी लागली. सुरुवातीला एकच पॅकेट पाठवा. पोच आली की दोन, मग चार. पॅकेट हरवलं तर ‘वाट तुंबली आहे’ असं समजून हात आखडता घ्या. पोच यायला सरासरी किती वेळ लागतो एवढंच न मोजता तो वेळ किती वरखाली होतो तेही मोजा, म्हणजे उगाच घाई होणार नाही. याच सुमाराला हौशी रेडिओवरून पॅकेट पाठवण्याच्या खटाटोपात असलेल्या फिल कार्न यांनी आणखी एक गोम पकडली: पॅकेट दोनदा पाठवलं असेल तर आलेली पोच पहिल्याची की दुसऱ्याची हे सांगता येत नाही, म्हणून ती वेळेच्या हिशेबात धरूच नये. संथ आणि बेभरवशाच्या वाटेवर काम करणाऱ्यालाच असली गोम सापडते. जेकबसन आणि कॅरल्स यांचं काम १९८८ च्या सिगकॉम परिषदेत मांडलं गेलं. ते बर्कली युनिक्समध्ये आलं आणि तिथून हळूहळू सर्वत्र पसरलं.

आता टेलिफोनच्या तारेकडे वळू. रिक अ‍ॅडम्स यांनी बर्कली युनिक्सवर उतरवलेली ‘स्लिप’ची पद्धत जॉन रॉमकी यांनी १९८८ मध्ये आरएफसी १०५५ मध्ये लिहून ठेवली. मोडेमवरून आयपीची पॅकेटं पाठवायची इतकी साधी रीत, की तिच्यात चूक पकडण्याचीही सोय नव्हती. घरी मोडेम घेऊन बसलेल्यांना ती पुरेशी वाटली, पण टंकलेलं अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागे. डेव्हिड फार्बर आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच ‘थिनवायर’ नावाने हेडर आखडण्याची एक युक्ती सुचवली होती. ती टोकाला नेली जेकबसन यांनी, फेब्रुवारी १९९० च्या आरएफसी ११४४ मध्ये.

हे टिपण मी परत परत वाचण्याजोगं मानतो, कारण त्याची सुरुवात माणसापासून होते. कळ दाबल्यावर अक्षर पडद्यावर दिसायला १०० ते २०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला की माणसाला यंत्र अडतंय असं वाटतं. मग हिशेब मांडा. मोडेमच्या तारेवर एका बाइटला दहा बिट लागतात. २४०० बिटांच्या मोडेमवर ४१ बाइट जायला १७१ मिलिसेकंद, आणि तेवढेच परत यायला. नुसतं तारेवरच एक तृतीयांश सेकंद गेलं. माणूस वैतागणारच.

जेकबसन यांनी त्या ४० बाइटांच्या हेडरचं एकेक घर तपासलं. एकदा जोडणी झाली की त्यातली जवळपास अर्धी घरं शेवटपर्यंत बदलतच नाहीत: पाठवणारा तोच, घेणारा तोच, दारांचे क्रमांक तेच. ही घरं दोन्ही टोकांनी एकदाच लक्षात ठेवली की पुन्हा सांगायची गरज नाही. उरलेल्यांपैकी काही दुसऱ्यावरून काढता येतात. पॅकेटची लांबी तर मोडेम जोडणीलाच कळते. जी खरोखर बदलतात ती थोडीथोडी बदलतात, म्हणून पूर्ण आकडा पाठवण्याऐवजी फक्त फरक पाठवायचा. काय बदललं हे सांगणारा एक बाइट, आणि मजकूर शाबूत आहे ना हे पडताळणारे दोन बाइट. ते दोन मात्र त्यांनी जसेच्या तसे ठेवले, त्यांना हात लावला नाही. हेडर ४० वरून बहुतेक वेळा तीन बाइटांवर आलं. एका अक्षराला आता चार बाइट पुरू लागले. २४०० च्या मोडेमवर जाऊन-येऊन ३३ मिलिसेकंद. तार तीच, मोडेम तोच, आणि यंत्र मात्र बोटाखाली असल्यासारखं.

टिपणात आणखी एक विचार आहे. कोणी एकीकडे फाइल उतरवून घेत असेल आणि दुसरीकडे टाइप करत असेल, तर टंकलेल्या अक्षराला रांगेत पुढे जाऊ द्यावं. तरीही तारेवर चढलेलं पॅकेट पूर्ण जाईपर्यंत त्याला थांबावंच लागेल. ९६०० बिटांच्या तारेवर १५०० बाइटांचं पॅकेट दीड सेकंदाहून जास्त वेळ जागा अडवतं. २९६ बाइटांचं सुमारे ०.३ सेकंद. म्हणून संथ तारेवर पॅकेट लहान असावं. पूर्वी लहान पॅकेट म्हणजे उधळपट्टी होती, कारण २५६ बाइटांच्या मजकुरामागे ४० बाइटांचं हेडर जाई. हेडर तीन बाइटांचं झाल्यावर ती अडचणही संपली.

‘स्लिप’च्या जागी लवकरच ‘पीपीपी’ आलं आणि त्याने ही युक्ती आपलीशी केली. विंडोज ९५ च्या डायल-अप खिडकीत ‘यूज आयपी हेडर कॉम्प्रेशन’ असा एक चौकोन असे आणि त्यावर आधीच खूण केलेली असे. लाखो लोकांनी तो चौकोन पाहिला. त्यामागचं हे टिपण किती जणांना ठाऊक होतं?

आपल्याकडे टेलिफोनवरून संगणक जोडण्याची सुरुवात शैक्षणिक संस्थांनी केली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पात आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, होतं. एस. रमाणी तिथले संचालक. आधी टेलिफोनवरून ईमेलची ने-आण. मग १९८९ च्या सुमारास एनसीएसटीपासून अमेरिकेतल्या ‘यूयूनेट’ या नेटवर्क सेवेपर्यंत सेकंदाला ९६०० बिटांची वाट. यूयूनेट उभं केलं होतं ‘स्लिप’वाल्या रिक अ‍ॅडम्स यांनीच. आज एका मोबाइललाही न पुरणाऱ्या या वेगावर देशातल्या संशोधकांची बाहेरच्या जगाशी पत्रं चालत.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, ते आणलं, अध्यक्ष बी. के. सिंगल. वैयक्तिक ग्राहकाला २५० तासांचे ५,००० रुपये. टेलिफोनचं बिल वेगळं. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं शेल खातंही निघालं, ज्यात नुसती अक्षरं दिसत, चित्र नाही. सुरुवातीचे महिने वाईट गेले. लाइन लागायची नाही, लागली तर टिकायची नाही. आपली तयारी कमी पडली हे सिंगल यांनी नंतर उघडपणे मान्य केलं.

इथे दुखणं बर्कलीपेक्षा वेगळं होतं, कारण इथली तार खरोखरच आजारी होती. पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलच्या जोडांत पाणी शिरायचं आणि लाइनवर खरखर सुरू व्हायची. जुन्या एक्स्चेंजवर टोन चालत नसे, म्हणून मोडेमला ‘एटीडीटी’ऐवजी ‘एटीडीपी’ अशी आज्ञा द्यावी लागे आणि तो टक-टक करत पल्सने नंबर फिरवे. घरात दुसऱ्या खोलीतला फोन कुणी उचलला की जोडणी गेली. लाइनमनला बोलावलं तर तो रिसीव्हर कानाला लावून म्हणे, ‘डायलटोन तर आहे की.’ त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. बोलण्याला पुरणारी लाइन आणि मोडेमला पुरणारी लाइन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मोडेम जोडला जाताना जो किंचाळण्याचा आवाज येई, ती लाइनची तपासणीच असे. पलीकडून आधी २१०० हर्ट्झचा सूर येई. लांबच्या टेलिफोन कॉलमधला प्रतिध्वनी दाबणारी जी यंत्रणा वाटेत असते, तिला बाजूला हो म्हणून सांगणारा हा सूर. मग १९९४ च्या व्ही.३४ जातीचे मोडेम १५० पासून ३७५० हर्ट्झपर्यंतचे अनेक सूर एकदम सोडत आणि त्यातले कुठले क्षीण होऊन पोचले हे पाहून वेग ठरवत. वरचे सूर गळाले की वेग खाली. रोज डायल करणाऱ्यांचे कान इतके तयार झाले होते की आवाजावरूनच आज कसं चालणार ते कळे, आणि न पटल्यास ते तिथेच तोडून पुन्हा लावत.

खरखर आली की पुढे काय होई, ते समजून घेतलं तर मंदपणाचं अर्धं कोडं सुटतं. व्ही.४२ पद्धतीचे मोडेम चुकलेला तुकडा आपापसांतच पुन्हा मागून घेत. त्यामुळे संगणकाला मजकूर शुद्ध मिळे, पण थांबून थांबून. टीसीपीला तारेवरची खरखर दिसत नाही. त्याला फक्त उशीर दिसतो. उशीर अचानक वाढला की पॅकेट हरवलं असं समजून तो नक्कल पाठवतो. नेगल यांनी लिहिलेली गोष्ट इथे घराघरांत छोट्या प्रमाणावर घडत होती. चुका न सुधारणाऱ्या मोडेमवर हेडर आखडण्याची युक्तीही उलटायची: एक पॅकेट बिघडलं की पुढचे फरक चुकीच्या आकड्यात मिळवले जात आणि दुरुस्ती होईपर्यंतची पॅकेटं वाया जात. अशा लाइनवर विंडोजमधला ‘हेडर कॉम्प्रेशन’चा तो चौकोन रिकामा केलेला बरा असे.

मग सुरू झाले घरगुती उपाय. विंडोजच्या रजिस्ट्रीत शिरून ‘मॅक्स एमटीयू’, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, १५०० ची ५७६ करायची, हा त्यातला शहाणा उपाय. विंडोज ९८ मध्ये तो संथ जोडणीला आपोआप लागू झाला. दुसरा उपाय ‘रिसीव्ह विंडो’, म्हणजे पोच न येता वाटेत असू शकणारा मजकूर, वाढवण्याचा. तो सर्रास सांगितला जाई आणि बहुतेकांसाठी तो साफ चुकीचा होता, असं मला वाटतं. विंडोज ९५ ची विंडो मुळात ८ किलोबाइटची. ९६०० च्या तारेवर ८ किलोबाइट उतरायला सुमारे सात सेकंद. म्हणजे एक फाइल उतरत असताना दुसऱ्या पानावर टिचकी मारली, तर त्या पानाचं पहिलं अक्षर तितका वेळ पलीकडच्या रांगेत उभं. सॅटेलाइटवरून जाऊन-येऊन पाऊण सेकंद लागतो असं धरलं तरी वाट भरलेली ठेवायला हजारेक बाइट पुरेत. विंडो वाढवून लोक वेग वाढवत नव्हते, रांग लांबवत होते.

काही दोष तर तारेपर्यंत पोचण्याआधीच असत. जुन्या संगणकातल्या सिरियल पोर्टची ८२५० किंवा १६४५० चिप एका वेळी एकच बाइट धरून ठेवी. ३८,४०० च्या वेगाला दर २६० मायक्रोसेकंदांनी नवा बाइट येतो. विंडोज तेवढ्यात हार्डडिस्ककडे वळलं की बाइट गेला, आणि त्याच्याबरोबर अख्खं पॅकेट. सोळा बाइट धरणारी १६५५०ए चिप असलेलं कार्ड बसवलं की तोच मोडेम वेगळाच वाटे. त्यातच जोडणीच्या खिडकीत कधी १,१५,२०० बिट असा भव्य आकडा दिसे. तो मोडेम आणि संगणक यांच्यामधल्या वायरचा असे, टेलिफोनच्या लाइनचा नाही. त्यावर विश्वास ठेवून कितीतरी जणांनी भलतीकडेच शोध घेतला असेल.

सगळ्यात गुणकारी उपाय होता ब्राउझरमध्ये चित्रं बंद करण्याचा. चाळीस किलोबाइटचं एक चित्र म्हणजे ९६०० च्या तारेवर अर्ध्या मिनिटाहून जास्त. मराठी वाचकाला त्यात आणखी एक भार होता. युनिकोड रुळण्याआधी दर वृत्तपत्राच्या साइटचा फॉन्ट निराळा, आणि बातमी वाचण्याआधी तो उतरवून घ्यावा लागे. परदेशातल्या मराठी माणसांनी गावाकडची बातमी वाचण्यासाठी तो त्रास आनंदाने सोसला.

१९९७ मध्ये ५६ के मोडेम आले, आधी एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन जातींत, आणि १९९८ मध्ये व्ही.९० या एका मानकाखाली. क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या सिद्धान्ताप्रमाणे साध्या टेलिफोन लाइनवर साधारण ३५ हजार बिटांपलीकडे जाता येत नाही. ५६ के ने ही मर्यादा मोडली नाही, टाळली: सेवा देणाऱ्याच्या टोकाला लाइन आधीच डिजिटल असेल आणि वाटेत डिजिटलचं अ‍ॅनालॉग एकदाच होत असेल, तरच तो वेग. वाटेत तसं दुसऱ्यांदा झालं की ५६ के चा मोडेम निमूट ३३.६ वर येतो. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, सायबर कॅफे गल्लोगल्ली आले. २००५ च्या सुरुवातीला बीएसएनएल आणि एमटीएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि मोडेमचा तो आवाज घरांतून गेला.

रांगेचं दुखणं मात्र ब्रॉडबँडबरोबर आत आलं. २०१० मध्ये जिम गेटिस यांना स्वतःच्या घरच्या वेगवान जोडणीवर तेच दिसलं: एक मोठी फाइल चालू केली की बाकी सगळं लटकतं. राउटर आणि मोडेममधली स्मृती स्वस्त झाली म्हणून रांगा बेसुमार लांब ठेवल्या गेल्या होत्या. त्यांनी याला ‘बफरब्लोट’ नाव दिलं. २०१२ मध्ये त्यावर ‘कोडेल’ हा उपाय आला, रांगेतला मुक्काम ५ मिलिसेकंदांच्या आसपास ठेवणारा. तो लिहिणाऱ्या दोघांत कॅथलीन निकोल्स होत्या आणि व्हॅन जेकबसन होते. त्यावर बेतलेली ‘एफक्यू-कोडेल’ ही रीत जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध झाली. आज अनेक लिनक्स संगणकांत आणि घरच्या राउटरमध्ये ती मुळातच चालू असते, आणि मोठ्या फाइलच्या गर्दीतून अधूनमधून येणाऱ्या बारक्या पॅकेटांना ती पुढे काढते.